दोनशे सतराचं वजन

मेडिकलच्या मागच्या इमारतीत
सात वर्षांची रजिस्टरं.
सिकलसेलची ओपीडी, मंगळवार आणि शुक्रवार.
नंदेश्वरबाबूंचं अक्षर डावीकडे कललेलं:
हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, वजन,
गोळी दिली, गोळी थांबवली,
आणि पुष्कळ ओळींच्या शेवटी नुसतं
आला नाही. आली नाही.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले,
"गोळीनं फरक पडते का नाही, एवढंच पाहाचं आहे न मॅडम?
मग मोजून टाका न. घेणारे किती गेले, न घेणारे किती."

मोजले.
घेणारे जास्त गेले होते.

"अरे बाप्पा," म्हणाले, आणि चहा सांगितला.

मी म्हटलं, तुमच्या घरी कूलर कुठल्या खोलीत?
"पश्चिमेच्या."
दिवसभर चालतो?
"मे महिन्यात रात्रीही."
मग घरातली सगळ्यात तापलेली खोली कुठली?
ते हसले. ऊन काही कूलरनं आणलेलं नसतं.

पण इथे त्याहून अवघड आहे.
दुखणं बघून गोळी ठरते,
गोळी पुढचं दुखणं बदलते,
ते दुखणं बघून पुन्हा गोळी.
तिपेडी वेणी. एक पेड ओढायला जावं
तर तिन्ही सुटतात.
मधलं दुखणं सारखं धरून तुलना केली
तर गोळीनं जे केलं
त्यातलं अर्धं मीच खोडून बसते.

म्हणून दर भेटीला थांबून विचारायचं:
अशा तब्येतीच्या लेकराला आज
जे मिळालं, ते मिळण्याची शक्यता किती होती?
होणारच होतं, त्याला वजन थोडं.
सहसा होत नाही ते झालं, त्याला भरपूर.
भेटीगणिक गुणाकार.

क्रमांक दोनशे सतरा.
वय बारा. काटोलकडची.
दोन वर्षांत सहा वेळा भरती, हाडांत कळा,
आणि एकदाही गोळी नाही.
रजिस्टरात तिचं वजन एकवीस किलो,
माझ्या गणितात चौदा माणसांचं.
तिच्यासारखीच आजारी तेरा लेकरं गोळी घेऊन गेली;
ती तशीच परत गेली असती तर काय झालं असतं
हे त्यांच्या वतीनं ही एकटी सांगते.

नवव्या भेटीनंतर: आली नाही.
मग तिचं ओझं येत राहिलेल्यांच्या पाठीवर.
हेही वजनच. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

उत्तर आलं. गोळीनं मरण कमी होतं.
किती, ते अंतर बरंच रुंद,
एक टोक "काहीच नाही"ला जवळजवळ शिवणारं.
मी तरी ते दोनदा वाचलं, आनंदानं.

नंदेश्वरबाबूंनी पान उलटून पाहिलं.
"दोनशे सतरा. आठवते मले.
तवाचा डॉक्टर लेकरू रडलं का गोळी लिहे.
थे पोरगी रडेच नाही.
ओठ दाबून खाली पाहे,
जशी काही तिचीच चूक आहे."

कूलरचा पंप कोरडा खरखरत होता.
मी रकाने वाचले, डावीकडून उजवीकडे.
पेशी आहेत, प्लीहा आहे, ताप आहे,
गाव, बसभाडं मिळालं की नाही, तेही आहे.
रडण्याचा रकाना नाही.
मी तिला ज्या तेरांच्या शेजारी उभं केलं
ते सगळे बहुतेक रडले होते.
आणि न रडणारं दुखणं
आत आणखी काय काय दाबून ठेवतं,
कोण जाणे.

संध्याकाळी झिरो माइलवरून घरी आले.
त्या खांबापासून म्हणे सगळी अंतरं मोजली.
आमच्याकडे शून्य कुठे असतं?
पहिल्या कळेला, पहिल्या चिठ्ठीला,
का त्या दिवशी, जेव्हा तिनं ओठ दाबले
आणि कुणी काही लिहिलं नाही?

शुक्रवारी नवं रजिस्टर आलं.
मी म्हटलं, शेवटी एक रकाना आखा, अरुंद चालेल.
त्यांनी पट्टी ठेवली, पेन्सिल ओढली, मथळा घातला.
काट्यावर एक मुलगा चढला होता.
"एकोणीस," कुणीतरी ओरडलं.

नंदेश्वरबाबू पेन धरून त्याच्याकडे बघत राहिले.
"मॅडम," हळूच म्हणाले,
"हा त हसून राह्यला. काय लिहू?"