रीडिंग

उद्यमनगरात मी माणसं नावानं कमी,
आकड्यांनी जास्त ओळखतो.
शौकत मुजावर म्हणजे महिना अकराशे युनिट,
दसऱ्याच्या तोंडावर चौदाशे.
भूपाल मगदुमांची फाउंड्री म्हणजे
स्क्रीनवर बोट ठेवून आकडे मोजायचे,
एखादा निसटला तर साहेब बोलावून घ्यायचे.

मंदी पेपरात यायच्या आधी मला कळली होती.
अकराशेचे सहाशे झाले,
सहाशेचे नव्वद.
नव्वद म्हणजे एक ट्यूब, एक पंखा
आणि लेथवर टॉवेल टाकून बसलेला मालक.
"चहा घे," म्हणायचा,
"मीटर काय पळून जातंय?"

आधी वास गेला.
कोअरच्या वाळूत मळी घालतात,
ती भट्टीत भाजली की सकाळी आख्खी गल्ली
करपल्या गुळासारखी दरवळायची.
मग टपरीवरची उधारीची वही गेली.
मग पोरं. कुणी चाकणला,
कुणी सीमेपलीकडं, तिथं वीज स्वस्त म्हणे.
मगदुमांच्या धुराड्यात साळुंक्या राहायला आल्या.

'दरवाजा बंद' याला आमच्या मशीनवर एक बटण आहे.
त्या वर्षी त्याचा रंग उडाला.

एकदा मोठ्या हॉलमध्ये बैठक झाली.
पडद्यावर दूरदेशीच्या शहरांचे फोटो,
गिरणीचं म्युझियम, गोदीवर कॉफीची दुकानं,
आणि एक शब्द, पुनरुज्जीवन,
जो म्हणताना पाहुण्यांनाही मधे श्वास घ्यावा लागत होता.
मी मागं उभा होतो, हॉलचं रीडिंग घ्यायला आलेलो.
चार तासांच्या एसीचे युनिट लिहिले
आणि गप बाहेर आलो.
शौकतभाईंचा त्यात महिना निघाला असता.

पुढं जे झालं त्याला कुणी नाव ठेवलं नाही.
कृष्णात सुतारांची थोरली, वैजयंता,
वडलांनी माळ्यावर रचलेले सागवानी पॅटर्न
एकेक खाली काढून पुसायला लागली.
मापं घेतली, संगणकात चढवली.
जुन्या पंपांचे सुटे भाग कुठं मिळत नाहीत,
कंपन्या मेल्या, पंप अजून विहिरींवर चालू आहेत,
एवढं एक तिच्या ध्यानात आलं.

मग पाचजणांनी मिळून एक भट्टी घेतली. लहान, सेकंडहँड.
सोमवार शौकतभाईंचा, मंगळवार चौगुल्यांचा,
बुधवारावरून भांडण, ते अजून मिटलेलं नाही.
रात्री दर कमी, म्हणून रात्री ओतायचं.

पहिला घाण फुकट गेला.
वाळू ओली होती, आत हवा धरली,
फोडलं तर प्रत्येक नग चाळणीसारखा.
कुणी कुणाशी बोललं नाही.
शौकतभाईंनी एक तुकडा उचलला, फुंकर मारली,
म्हणाले, "लोखंडाचं एक बरं आहे बघ भावा,
चुकलं तर परत वितळतं."
आणि स्वतःच्या हातानं ते सगळं पुन्हा भट्टीत टाकलं.

काल गेलो होतो.
गल्लीत बावीस शटर, उघडी सात.
पंधरांचं काय, मला विचारू नका.
मगदूम आता घरीच असतात.
येता-जाता त्यांच्या धुराड्याकडं बघत नाहीत.

पुढल्या महिन्यापासून नवे मीटर बसणार.
ते आपलं आपण रीडिंग पाठवतात,
माणूस लागत नाही.
शौकतभाई म्हणाले, "मग तुझं काय?"
मी म्हटलं, "बघू. वाळू चाळायला येतं मला."
ते हसले नाहीत.
"गुरुवार मोकळा आहे," म्हणाले.

भट्टीच्या मीटरवर लाल ठिपका
डोळा लवू नये इतक्या भरभर लुकलुकत होता.
आकडा लिहून झाला होता,
तरी मी थोडा वेळ तिथंच थांबलो.
मागून मळी भाजल्याचा वास येत होता,
थोडा जास्तच करपलेला.