कितव्या नंबरचं पुस्तक

लाईट गेली, माग थांबले,
खडखडाट तेवढा कानात राहिला.
मालक म्हणाला, जावा घरी.
मी वेन्नेलाला सायकलच्या दांडीवर घेतलं
आणि साखर पेठेतनं वाचनालयाकडं निघालो.
तिच्या मांडीवर तीन पुस्तकं. तिन्ही कालच आणलेली.

"संपली?"
"रात्रीच की, नाना. पाणी आलं होतं ना."
आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री अडीचला.
सगळी गल्ली घागरी घेऊन पळते.
ही घागरीशेजारी बॅटरी लावून बसते,
पाणी वाहून तिची पावलं भिजली तरी
पान संपल्याशिवाय उठत नाही.

बिराजदारबाईंनी रजिस्टर उघडलं.
"हिचे राक्षस संपले. पऱ्या संपल्या.
राजे तर उन्हाळ्यातच संपवले हिनं.
आता उरलं मोठ्यांचं कपाट. वय काय?"
"नऊ," मी म्हणालो.
"साडेनऊ," ही म्हणाली.

मोठ्यांच्या कपाटाला मी भीत होतो.
दिवाळीत शेजाऱ्यांकडनं एक कादंबरी आणली होती, विटेएवढी.
दोन दिवसांत वाचली.
तिसऱ्या दिवशी माझ्या हातात कडक भाकरी,
ती मोडायच्या आधी विचारते,
"ती बाई विहिरीत का गेली, नाना?
पाणी तर घरात भरलेलं होतं की."
तिची आई विड्या वळायची थांबली.
सूप मांडीवर तसंच.
शब्द एकूण एक कळले होते पोरीला.
बाकीचं कळलं नव्हतं,
का कळलं होतं, हे विचारायचं धाडस
अजून झालेलं नाही मला.

मग वयाचं म्हणून एक आणलं, गुरुजींनी सांगितलेलं.
ते गिरणीच्या रांगेतच संपलं,
आमचं दळण व्हायच्या आधी.
पीठ घेऊन आली तेव्हा तोंड असं,
पाहुण्याकडं पाणचट चहा पिऊन
छान झालाय म्हणताना आपलं होतं तसं.

मला पुस्तकातलं काय कळतंय?
सातवीत शाळा सुटली.
सूत कळतं.
दहा नंबरचं जाडं, वीसचं त्याहून बारीक,
चिमटीत धरलं की डोळे मिटून सांगतो.
ताणा सैल सोडला तर कापड पोचट येतं,
जास्त ओढला तर तटकन तुटतो.
म्हणून बाईंना विचारलं,
"पुस्तकावर नंबर का घालत नाहीत ओ?"
विहिरीचंही सांगितलं.
बाई हसत होत्या,
हसू अर्ध्यात सोडून
स्टुलावर चढल्या.

वरच्या फळीवरनं काढलं ते
पाठ उसवलेलं, वर्षानुवर्षं कुणी न नेलेलं,
भूजलाचं पुस्तक. नकाशे, खडकांचे थर,
जीभ अडखळेल असले शब्द.
"यात विहिरी आहेत," बाई हळूच म्हणाल्या,
"पण कुणी उडी मारत नाही."

वेन्नेला उभ्याउभ्याच वाचायला लागली.
पहिली ओळ. दुसरी.
तिसरीवर बोट थांबलं.
पुढं जाईना.
माझा हात सवयीनं दांडा शोधायला लागला,
धागा तुटला की माग बंद करायचा तो.
जवळ जाऊन बघितलं.
तुटलं नव्हतं काही.
ताण होता.

तिचं वय बसेना, म्हणून कार्ड माझ्या नावावर.
मल्लेशम कोंड्याल, धंदा यंत्रमाग कामगार,
नेलेलं पुस्तक भूजल.
सही करताना पेन दोनदा घसरलं.

पुन्हा पाणी आलं त्या रात्री
ही अकराव्या पानावर.
इतक्या दिवसांत अकराच पानं!
"नाना, पारगम्य म्हणजे?"
"मला नाही माहीत."
"मला पण नाही!" म्हणाली,
आणि एवढी खूश झाली
की नळ बंद करायचा मीच विसरलो.