हीटर न पोचणारी सीट

ऑर्लिन ट्वाइट. सगळे त्यांना कोच म्हणायचे,
बायकोसुद्धा, चिडली की.

मी बस चालवायचो.
सप्टेंबरात फुटबॉलची मुलं, घामट पॅडांचा ढीग,
थंडी पडली की बास्केटबॉलच्या मुली,
आणि बर्फ वितळून मैदानाचा राडा झाला
की भाला, गोळा, अडथळ्यांची शर्यत.
मोसम बदलायचे. सीट तीच.
माझ्या मागची, उजवीकडची,
जिथे हीटर पोचत नाही.

शिट्टीला चिकटपट्टी गुंडाळलेली.
उणे वीसमध्ये धातू ओठाला चिकटतो,
एकदा सालपट निघालं होतं,
तरी प्लास्टिकची घेतली नाही.
आवाज खोटा येतो म्हणाले.

पहिल्या वर्षी अकरा सामने हरलो.
बारावा हिमवादळात रद्द झाला,
तो त्यांनी जिंकल्यात धरला.

हरून परतताना बोलायचे नाहीत.
काच वाफेनं भरली की बोट निघायचं:
फुल्या, गोळे, बाण.
कुणी कुठे असायला हवं होतं.
गाव येईपर्यंत सगळं ओघळून खिडकीच्या रबरात.

मध्ये तीन वर्षं कॉलेजात गेले, फार्गोकडे.
कुस्ती, मुलींचं सॉफ्टबॉल, वर आरोग्यशास्त्राचे तास.
तीन कामं, दीड पगार,
कचेरी प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, गवत कापायच्या यंत्राशेजारी.
मग कुस्ती बंद करायचं ठरलं
आणि मुलांना सांगायचं काम यांच्यावर आलं.
अठरा मुलं. अठरा कॉलेजांना हातानं लिहिलेली पत्रं.
शेवटच्या पोराला जागा मिळाली त्या आठवड्यात
एक खोका घेऊन परत आले.
मी विचारलं नाही. त्यांनी सीट झटकली.

मार्लिस क्नुटसन तिसरा अडथळा दर वेळी पाडायची.
गुडघे सोललेले, नाक लाल.
तिला एवढंच म्हणाले,
पड, पण पुढे पड.
पदक नाही मिळालं तिला कधी.
आता ती जिल्ह्याचा बर्फ काढायचा ट्रक चालवते.
कोचच्या शेवटच्या हिवाळ्यात, रात्री अकराला,
रस्ता कुठे संपतो नि शेत कुठे लागतं कळेना,
तेव्हा पुढे तिचाच पिवळा दिवा फिरत होता, चाळीस मैल.
मागून आवाज आला, नाक ओढल्यासारखा.
आरशात पाहायचं मी टाळलं.

निरोपाला केक होता, शाळेच्या रंगाचा, जीभ निळी करणारा.
भाषण चार वाक्यांचं.
त्यातलं एक टॉवेल परत करा असं होतं.

परवा रेल्वे फाटकाशी बस थांबवली.
पोरांच्या श्वासानं काच भरली
आणि त्या सीटशेजारी हळूहळू उगवल्या
फुल्या, गोळे, बाण.
बोटाचं तेल राहतं म्हणे काचेवर.
ऑगस्टमध्ये मी सगळ्या खिडक्या धुतो,
तिथे फडकं जरा हलकं फिरवत असेन.

नवा कोच, सव्वीसचा, डोळे बारीक करून बघत राहिला.
म्हणाला, हा डावीकडचा बाण चुकलाय.

असेल.
गाडी गेली. फाटक उघडलं.