टोकावड्याच्या पुढे

मुलुंडच्या ओट्यावर नकाशा पसरलाय,
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर पान्हा.
कल्याण, मुरबाड, टोकावडे,
इथवर चहाचे थांबे मी
पेन्सिलीच्या टिंबांनी मांडलेत.
पुढे माळशेज. तिथे उंचीच्या रेघा
इतक्या दाटीनं येतात
की कागदालाच आठ्या पडल्यासारख्या.

मुंबईत चढ शोधावा लागतो.
महिनाभर पहाटे येऊर,
आणि आडवारी सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प,
चाळीस वेळा. वॉचमन मोजायचा.
तेहेतिसाव्या खेपेला त्यानं विचारलं,
"डॉक्टरनी सांगितलंय का?"

थंडी अजून आलेली नाही.
मंगळवारनंतर येईल म्हणतात, चार दिवस राहील.
स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास,
तो गॅलरीत उन्हाला टाकलाय.
दोन ट्यूब, पंक्चरची डबी, खजूर, कानटोपी,
गुडघ्याला चोळायचं तेल.
खालच्या गिअरची कुरकुर अजून जात नाही.

विद्याधर यायचा होता.
त्याच्या छातीत आता दोन स्टेंट.
फोनवर म्हणाला,
"बोगद्याच्या अलीकडे, डाव्या हाताला,
एक फुटकी पाण्याची टाकी आहे.
तिथे पाय टेक. लाजू नकोस.
मी दर वेळी टेकायचो.
तू दोन वळणं मागे असायचास,
पोचेस्तोवर मी परत सीटवर."

वीस वर्षं मला वाटायचं,
हा माणूस थांबतच नाही.

पेन्सिल बोथट झाली होती,
तिला टोक काढलं.
टोकावड्याच्या पुढे
अजून एक टिंब.