शेवटच्या माडाक

साबाजी गिरप वाडीतल्या अकरा आगरांना
एका वहाळाचं पाणी वाटायचा.
घड्याळ नाही. सावलीवर हिशेब.
शिंगाळ्याचा काटा पायात मोडला
तेव्हा त्यानं हळद दाबली
आणि राहिलेलं शिपणं पुरं केलं.

चौथ्या दिवशी गुंडूनं त्याला रिक्षातून
वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात आणला.
गुडघ्यांवर जांभळे नकाशे.
‘पाणी खंय गेलां?’ विचारत होता.
मला वाटलं, तहान लागलीय.

आत काय होतं ते पुस्तकात होतं,
समजलं त्याच्या पोटावर हात ठेवल्यावर.
मेंदू, काळीज, ही वरची आगरं. त्यांना आधी.
मग कुणीतरी कुणालाच न विचारता
पोटाकडच्या मोऱ्यांवर चिखलाची ढेकळं बसवतं.
आतड्याच्या आतली शेवाळासारखी मखमल,
तिची टोकं पहिल्यांदा करपतात,
पाटाच्या शेपटाकडच्या सुपारीसारखी.
यकृताला दोन पाट आहेत:
आतड्याकडून येणारा आटला
की दुसरा थोडा जास्त उघडतो,
शेजारधर्म म्हणून.
तो तरी किती दिवस पुरणार?
आणि करपल्या कुंपणातून
इतकी वर्षं पोटात निमूट नांदलेलं सगळं
रक्तात उतरतं.

मी सोडत होते ते औषध तरी
दुसरं काय करत होतं?
उतार आवळायचा, पाणी वर चढवायचं.
प्रेशर वाढलं. डॉक्टर म्हणाले, छान.
मी लघवीची पिशवी पाहिली:
तळाशी कोऱ्या चहासारखा घोटभर.
पोटावर स्टेथोस्कोप ठेवला.
ओहोटीची खाडी गप्प असते, तसं म्हणणार होते.
तसं नव्हतं.
पट नसल्यानं बंद केलेल्या शाळेसारखं होतं.

बाहेर बाकावर गुंडू, कुणालाच न सांगता सांगत होता:
‘बाबान मे म्हयन्यात पण मोरी पुरी कधी बांधूक नाय.
वरच्यांनी शिव्या घातल्यो.
म्हणायचो, शेवटच्या माडाक
कळशीभर तरी जावक व्हया.’

तिसऱ्या रात्री औषधाचा आकडा
थोडा उतरला. परत चढला. उतरला.
डॉक्टर म्हणाले, नळीतून अन्न सुरू करा,
तासाला वीस मिली. जास्त नको.

मी चिमटा सैल केला.
पांढरा थेंब नळीत अडला, मग निघाला.

आता कान लावून बसलेय.
गुंडू दारात येऊन विचारतो,
‘सिस्टर, बाबा बरो होतलो मां?’

थांब रे.
ऐकू दे.