काचेवर काच

दस्तगीरचाचा शिकलगार फिल्टर लावत नसे.
शाहूपुरीतल्या त्याच्या बोळाएवढ्या स्टुडिओत
साडेतीनशेची यूव्ही काच घेऊन मी गेले, तेव्हा
त्यानं तिच्याकडे पाहिलं
पाणी घातलेल्या दुधाकडे पाहावं तसं.
"चष्म्यावर चष्मा घालतीस व्हय गं?
कुणी तरी घासून घासून भिंग केलंय,
आन् तू त्येच्या तोंडाला बाटलीचं बूड बांधतीस."

हूड मात्र त्याला लागायचा.
तुपाच्या डब्याचा, कात्रीनं कापलेला,
आतून चिमणीची काजळी फासलेला.
तो विसरला तर डावा पंजा,
हायपोनं पिवळी पडलेली बोटं घट्ट जुळवून
भिंगाच्या कपाळावर धरलेला.

मुरगूडच्या लग्नात माझी फजिती झाली.
मांडवातले सात बल्ब काचेवर आपटून परत फिरले
आणि नवरदेवाच्या कपाळावर हिरवे उमटले.
अल्बम उघडून मुलीचा मामा म्हणाला,
"पाव्हण्यांच्या डोस्क्यात उजेड पडलाय का काय?"
दोन हजार कापून घेतले.
चाचा काही बोलला नाही.
बशीत चहा ओतून नुसता फुंकत राहिला.
बोलला असता तर बरं झालं असतं.

पण चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर,
सासनकाठ्या डुलत पायऱ्या चढताना,
चांगभलंच्या गजरात, गुलालाच्या ढगात,
कुणी तरी भक्तीनं भिरकावलेला खोबऱ्याचा तुकडा
टक्‌
माझ्या काचेवर.
कोळ्याचं जाळं विणल्यासारखी फुटली ती.
आतलं भिंग जसंच्या तसं, कोरं, निर्लज्ज.
हूड होता ना. होता.
उलटा बसवलेला,
भर उन्हात काखेत मारलेल्या छत्रीसारखा.

रुमालात बांधून तुकडे चाचापुढे ठेवले.
त्यानं बोटानं चाळवले, गुलाल हुंगला.
"खोबरं खाल्लंस का पण?"

नवी काच घेतली.
गंगावेशीकडच्या तालमीत पोरं घुमायला लागली
की लाल माती उडते, ताक-तेल मुरलेली, चिकट.
तिथं लावते. रंकाळ्यावर संध्याकाळी काढते.
कधी तालमीतून थेट रंकाळ्यावर गेले
तर काढायची राहते,
आणि सूर्याशेजारी आणखी एक फिका सूर्य बुडतो.
माझं मत विचाराल तर
खिशात एक डबी आहे, एवढंच.

गेल्या महिन्यात चाचाचा मोतीबिंदू काढला,
राजारामपुरीत, पाचव्या गल्लीत.
पट्टी सुटल्यावर त्यानं डॉक्टरणीला पहिलं विचारलं,
"भिंगाला कोटिंग कसलं वो?"
ती हसली.
"यूव्ही अडवतं चाचा. आतच असतं ते."
चाचा गप्प.
जिन्यावर दोन पायऱ्या उतरून थांबला.
"म्हंजी घातलीच म्हणायची काच. शेवटी."
मी हसले नाही. हसू आलं होतं.

बाहेर अकराचं ऊन.
काळा गॉगल, त्यावर पुन्हा कपाळाला पंजा,
सवयीनं.
मला तो तसाच हवा होता. कॅमेरा उचलला.
सूर्य त्याच्या खांद्यावरून सरळ माझ्या भिंगात,
हूड घरी, फिल्टर डबीत.
त्याला कसं कळलं कोण जाणे.
कपाळावरचा हात त्यानं काढला,
हातभर पुढं केला
आणि माझ्या भिंगावर धरला.
स्वतः उन्हात डोळे बारीक करून उभा.
"हं. दाब आता."

फोटो फार ग्रेट नाही.
एका गालावर ऊन उडालंय.
वरच्या कोपऱ्यात एक धूसर, पिवळट बोट आलंय.
स्टुडिओतला पोरगा म्हणाला, ताई, क्रॉप करू?
म्हटलं,
हात लावू नकोस.