आजवा, खाणं

वीजबिलाच्या जुन्या पाकिटावर मी लिहिलं:
आजवा, खाणं.
आत अकराशे.
तिकिटं प्रफुलच्या बोनसमधून आधीच निघाली होती,
पेट्रोल वेगळं,
हे फक्त चार पोटांचं.
मग इंदूरहून शलाका आली, दादाची मुलगी,
अकरा वर्षांची, एका लहानशा बॅगेत सुट्टी घेऊन,
आणि मी दूधवाल्याला पुढच्या आठवड्यावर ढकलून
पाकीट पंधराशेचं केलं.

सकाळी सहाला सगळ्यांना उपमा कोंबला.
पोट भरून निघायचं, तिथे पाण्यालाही दर असतो.
चोवीस थेपले, छुंदा, लीलो चिवडा.
गेटवरच्या माणसानं झाकण उघडलं, वास घेतला,
म्हणाला, "बेन, बहारनुं नहीं चाले,"
आणि माझे चोवीस थेपले
टोकन नंबर एकशे सहाखाली लोखंडी कपाटात गेले,
इतर घरांच्या थेपल्यांशेजारी.

आत गेले ती पाढे म्हणतच.
पावभाजी एकशे ऐंशी. पाच जणांत तीन.
जादा पाव पंधराला एक, असे चार.
"दांडिया बाजारात एवढ्यात अर्धी लादी येते,"
हे मी मोठ्यानं म्हटलं
आणि रेवा दोन खुर्च्या पलीकडे सरकली.
पाणी चाळीस, दोनदा.
निहारला म्हातारीचे केस, पन्नास,
फुंकर घालायच्या आत संपणारे.
एक कणीस, साठ.
आइसक्रीम सत्तर, दोन.
तिसरं नको, शलाका म्हणाली, घसा दुखतोय.
मला बरं वाटलं.
लिहायला जड जातंय, पण वाटलं.

मोठ्या घसरगुंडीवर मला ओढतच नेलं.
शलाका खाली थांबली,
"आत्या, पर्स मी धरते."
वरून दिसली ती: दोन्ही हातांनी पर्स छातीशी,
एसटी स्टँडवर रात्रीच्या गाडीची वाट बघणारी
एखादी बाई बसते तशी.
मग पाणी आलं आणि मी किंचाळले,
बेचाळीस वर्षांची, चष्म्याशिवाय.

निघताना टोकन देऊन थेपले सोडवले.
कपाटात उबून गेलेले. कुणी हात लावला नाही.
सगळ्यांना सेवउसळच हवी होती,
पाच बश्या, अडीचशे.
शलाकानं अर्धा पाव खाल्ला आणि थांबली.
शेजारच्या काकांना पोऱ्या तरी वाढत होता, ते बघत राहिली.
मग हळूच,
"आत्या, तरीचे किती?"
"तरीचे पैसे नसतात गं."
तिनं तीनदा मागितली.
नाकाडोळ्यांतून पाणी, कपाळ लाल, चमचा चालूच.
घशाचं नाव तिनं काढलं नाही,
मीही नाही.

रात्री सगळे झोपल्यावर वही.
खर्च अकराशे ऐंशी.
उरायला हवेत तीनशे वीस.
निघाले आठशे वीस.
पुन्हा मोजले. कणीस दोनदा धरलं का बघितलं.
कमी पडले तर कुठे गेले ते मला बरोबर सापडतं,
जास्त निघाले तर कुठे शोधायचं
ते माहीतच नव्हतं.
एक नोट वेगळी होती.
चार घड्या, मधोमध सेफ्टी पिनेची दोन भोकं.
वहिनीचा हात.
दादाचं दुकान मार्चपासून बंद आहे.

दाराच्या खिळ्यावर शलाकाचा उद्याचा फ्रॉक होता.
आतल्या खिशाला नोट टाचली,
त्याच भोकांतून, अंधारात,
अंगठ्याला एकदा टोचलं.

सकाळी ती ओट्याशी येऊन उभी राहिली,
हात खिशावर.
काही बोलली नाही.
मी कालचे थेपले तव्यावर टाकत होते.
"तुला किती शेकू?"
"दोन."
मग तेलाचा वास आला असेल,
"चार."